एक ट्रक, एक मत

रविवारच्या बैठकीला धाकटी पावणेदहालाच यार्डात आली आणि तिने आपली पिकअप थोरल्याच्या आणि मधल्याच्या ट्रकच्या बरोबर मध्ये नेऊन उभी केली. ती बाबांच्या ट्रकची जागा. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यांचा ट्रक चाकं काढून मागे विटांवर चढवला होता आणि त्या जागेत तेलाचा एक जुना डाग सोडला तर काहीच नव्हतं. तरी तिथे आजवर कुणी सायकलसुद्धा लावली नव्हती.

थोरला शेडमधून बघत होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पिकअप तिथेच होती.

"ही इथे का लावलीस?"

"ट्रकांच्या रांगेत लावली, दादा."

"ट्रकांच्या?"

"मग कशाच्या?"

थोरल्याने पिकअपकडे पाहिलं. पांढरी, चार चाकांची, मागे उघडा हौदा, हौद्यात पेंढ्यात बांधलेले सहा कमोड आणि दोन बेसिन. धाकटी कारखान्यातून न्हाणीघराचं सामान उचलून बांधकामांवर पोचवायची. धंदा बरा चालला होता आणि घरातलं कुणी त्याबद्दल जेवताना बोलत नसे.

"ही पिकअप आहे," थोरला म्हणाला.

"मला आज खुर्ची हवी," धाकटी म्हणाली.

खुर्चीचं प्रकरण असं होतं. शेडमध्ये दोन ड्रमांवर बाबांच्या पहिल्या ट्रकचा फाळका आडवा टाकला होता, तेच टेबल. टेबलाला तीन लोखंडी खुर्च्या. भिंतीवर बाबांनी लाल ऑइलपेंटने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: एक ट्रक, एक मत. ज्याचा ट्रक चालू आहे त्याला खुर्ची, ज्याला खुर्ची त्याला मत. बाकीच्यांनी चहा करावा, प्यावा किंवा न्यावा. बाबांनी हे लिहिलं तेव्हा ट्रक म्हणजे काय हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांनी विचारणाऱ्याकडे नुसतं बघितलं असतं.

आता तीनपैकी एक खुर्ची बाबांची, म्हणून रिकामी. उरले दोघे. शेजारच्या शीतगृहवाल्यांना हे यार्ड हवं होतं. थोरला म्हणे विकू या, मधला म्हणे विकायचं नाही. सलग सहा रविवार एकास एक झालं होतं. सातवा आज.

धाकटीला हे पाठ होतं. तिला आणखीही एक पाठ होतं. बाबांचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा सात महिने त्यांचा ट्रक तिने चालवला होता. त्या सात महिन्यांत त्या ट्रकचं मत बाबांनीच दिलं, प्लास्टरमधला हात वर करून.

तिने हौद्यातून एक कमोड पेंढ्यासकट उतरवला, टेबलापाशी आणून ठेवला आणि त्यावर बसली.

"खुर्ची मिळेपर्यंत," ती म्हणाली.

*

मधला आला तेव्हा दोघं टेबलापाशी बसलेले. मधला बारीक, उंच, बिनलग्नाचा. लग्नाचं कुणी काढलं की तो ट्रककडे हात करायचा आणि विषय संपायचा. यार्डाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती, ट्रक गावात असेल तेव्हा तो तिथे राहायचा. म्हणजे महिन्यातून पाच-सहा दिवस. तेवढ्यासाठी तो यार्डासाठी जीव द्यायला तयार होता.

"ही म्हणते ट्रक आहे," थोरल्याने हनुवटीने पिकअप दाखवली.

मधल्याने मनातल्या मनात पटकन हिशोब केला. धाकटीचं निम्मं सामान याच शेडमध्ये पडलेलं. शिवाय आई इथे राहते, आणि पोरीचा जीव आईत. म्हणजे ही विकू देणार नाही.

"आहेच मुळी," तो म्हणाला आणि बसला.

"काय आहेच?"

"ट्रक. खाली वाकून बघ. चासी वेगळी, केबिन वेगळी, हौदा वेगळा. बोल्ट काढले की तिन्ही सुटं होतं. मोटारीचं होतं का? मोटार म्हणजे डबा."

"मागे चाकं किती?"

"दोन."

"आपल्याला किती?"

"चार. म्हणून काय झालं? बाबांच्या पहिल्या गाडीला मागे दोनच होती."

थोरल्याला हे आवडलं नाही, कारण ते खरं होतं. "त्यात झोपता येतं का?" त्याने विचारलं.

"कशाला झोपायचं?" धाकटी म्हणाली. "मी घरी जाते."

"तेच म्हणतोय मी. ट्रकवाला घरी जात नाही."

"दादा, तू रोज घरी जातोस."

"जातो. पण झोपता येतं की नाही?"

मधल्याने टेबलावर बोट आपटलं. "गाडीच्या कागदांवर काय लिहिलंय? मालवाहू."

"हातगाडीसुद्धा मालवाहूच असते. तिलाही खुर्ची देऊ?"

"तिला मागे स्प्रिंगचे पाटे आहेत का?"

"पाटे आहेत म्हणून ट्रक? बैलगाडीलाही बसवतात लोक. आणि माल काय वाहतो, ते बघ. आम्ही लोखंड वाहिलं, सिमेंट वाहिलं. संडास वाहणाऱ्याला ट्रकवाला म्हणत नाहीत."

"तुझ्या घरी जो बसवलाय तो कुणी आणला?" धाकटीने विचारलं.

"तो वेगळा विषय आहे."

"फुकट आणला होता. तिसऱ्या मजल्यावर चढवून दिला."

थोरल्याने चष्मा परत पुसायला घेतला.

*

वहिनी, थोरल्याची बायको, स्वयंपाकघरात चहाला आधण ठेवून हे सगळं ऐकत होती. स्वयंपाकघर म्हणजे आईच्या दोन खोल्यांपैकी मागची. तिची खिडकी थेट शेडमध्ये उघडायची, त्यामुळे वहिनीला गेली एकोणीस वर्षं प्रत्येक बैठक ऐकू आली होती. ट्रक सोडून तिला सगळं कळत होतं, आणि थोडंफार ट्रकही कळत होते.

सलग सहा रविवार ती इथे येत होती. सहाही रविवार नवरा घरी जाताना अक्षर बोलला नव्हता, आणि सोमवारी तिच्या सगळ्या भाज्यांत मीठ कमी आहे असं त्याचं म्हणणं होतं. तिचा यार्डाला विरोध नव्हता, विकण्यालाही नव्हता. तिचा विरोध रविवारला होता.

"आई, तुम्हाला अर्धा कप की पूर्ण?"

आई दारातल्या स्टुलावर बसून शेडकडे बघत होती. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. बाहेर ऊन मी म्हणत होतं. वहिनीने तो स्वेटर गेले सहा महिने पाहिला होता. एकदा कपडे वाळत घालताना आईचा उजवा कोपरही पाहिला होता, काळानिळा, आणि आईने तो ज्या घाईने झाकला तेही. ती काही बोलली नव्हती. सासूबाईंनी झाकलेलं उघडायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

"अर्धा," आई म्हणाली. "त्या तिघांना पूर्ण दे. वेळ लागेल."

वहिनीने ट्रे उचलला. वेळ लागू द्यायचा तिचा विचार नव्हता.

थोरल्याला कप देताना ती त्याच्या कानाशी वाकली. "अहो, ती विकायच्या बाजूने आहे."

"कोण?"

"तुमची बहीण. उगाच अडवताय."

मग टेबलाला वळसा घालून ती मधल्याकडे गेली आणि त्याच्याही कानाशी वाकली. "भाऊजी, नेटाने धरा. ती तुमच्याच बाजूने आहे."

धाकटीला तिने कप दिला आणि काहीच सांगितलं नाही. धाकटीचं मत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. फक्त स्वेटरवरून अंदाज होता.

थोरल्याने चहाचे दोन घोट घेतले. तिसऱ्याला त्याचा चेहरा बदलला.

"तसं पाहिलं तर," तो सावकाश म्हणाला, "पाटे आहेत खरे."

मधला त्याच्याकडे बघत राहिला. वीस वर्षांत दादाने वादात शब्द मागे घेतला नव्हता. मधल्याला क्षणभर त्याच्या तब्येतीची काळजी वाटली. मग संशय आला.

"मघाशी तर बैलगाडी म्हणालास."

"मघाशी चहा झाला नव्हता."

"आणि संडासाचं?"

"माल तो माल. उद्या माझ्या गाडीत कुणी बेसिनं भरली तर मी काय खाली उतरवून ठेवीन?"

मधल्याच्या डोक्यात काटा उलटा फिरायला लागला. दादाला ही ट्रक म्हणून हवी आहे, म्हणजे दादाचा काहीतरी फायदा आहे. पण वहिनी म्हणाली ती माझ्या बाजूने. वहिनी दादाची बायको. म्हणजे... त्याला पुढचं काही सुचेना. त्याने धाकटीकडे तोंड वळवलं.

"तू मत कुणाला देणार आहेस?"

"आधी खुर्ची," धाकटी म्हणाली. "मग मत."

"नुसतं सांग ना."

"भाऊ, तुला कुणी कधी खुर्चीआधी मत विचारलं होतं?"

नव्हतं विचारलं. मधला नाइलाजाने वहिनीकडे वळला. तिने दुसऱ्या कुणाला दिसणार नाही इतपत मान डोलावली. थोरल्यानेही तिच्याकडे पाहिलं. तिने परत तेवढीच मान डोलावली.

"ट्रकच आहे," मधला म्हणाला.

"ट्रकच," थोरला म्हणाला.

दोन्ही भावांचं सात रविवारांत पहिल्यांदा एकमत झालं होतं आणि दोघांनाही ते फारसं बरं वाटत नव्हतं.

"असं नुसतं म्हणून चालत नाही," दारातून आई म्हणाली. "इंजिन न्यायचं राहिलंय."

*

शेडच्या कोपऱ्यात लाकडी ओंडक्यांवर बाबांच्या पहिल्या ट्रकचं इंजिन पडून होतं. ते जाम झालं त्या दिवशी बाबांनी दुसरं बसवलं, पण हे भंगारात घालायला त्यांचं मन धजेना. पुढे थोरल्याने ट्रक घेतला तेव्हा बाबा म्हणाले, हे हौद्यात घाल आणि काट्यावर नेऊन आण. रस्त्याच्या टोकाला वजनकाटा. आधी रिकाम्या गाडीचं वजन करायचं, मग इंजिनासकट. दोन्हींची पावती आणून भिंतीवर चिकटवायची. मधल्याच्या वेळीही तेच झालं. फरक दोन्ही वेळा चारशे दहा किलो. इंजिनाचं वजन बदलणार नव्हतं, त्यामुळे परीक्षा नेमकी कसली हे कुणालाच माहीत नव्हतं. पण ती दोघांनी दिली होती आणि दोघेही पास झाले होते.

"मी येते," आई म्हणाली आणि पिकअपमध्ये पुढे जाऊन बसली. तिला चढायला वेळ लागला. धाकटी दार धरून उभी राहिली, हात मात्र लावला नाही. आईला ते चालत नसे.

कमोड आणि बेसिनं उतरवून गाडी रिकामी केली आणि पहिली फेरी झाली. तो रस्ता कुणी कधी दुरुस्त केला असेल तर त्याची आठवण असणारं कुणी हयात नव्हतं. प्रत्येक खड्ड्यात पिकअपचं मागचं अंग हातभर उडायचं आणि आई दोन्ही हातांनी समोरची कडी धरून बसायची. काटेवाल्याने रिकामं वजन लिहून घेतलं. परत येऊन चेनकप्पीने इंजिन वर उचललं. थोरला ओढत होता, मधला खालून ढकलत होता, आणि दोघेही एकमेकांना "सावकाश, सावकाश" म्हणत होते. इंजिन हौद्यात बसलं तेव्हा पिकअप मागून चार बोटं खाली गेली आणि तिथेच थांबली. मग दोघे भाऊ थोरल्याच्या ट्रकमध्ये चढून मागोमाग निघाले. कुणाच्या एकट्याच्या भरवशावर काही सोडायची त्या घरात पद्धत नव्हती.

यार्डात वहिनी एकटी उरली. तिने दार लोटलं, टेबलापाशी आली, थोरल्याच्या खुर्चीत बसली आणि दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवले. खुर्ची काही खास नव्हती. एक पाय डगमगत होता. एवढ्यासाठी ही माणसं भांडतात, असं तिच्या मनात आलं, आणि तरी ती उठली नाही.

*

काट्यावर वाळूचे दोन ट्रक आधी लागले होते. धाकटीने इंजिन बंद केलं. मागच्या आरशात थोरल्याच्या ट्रकचं नाक आणि त्याच्या काचेत दोन भाऊ, एकमेकांकडे न बघता बसलेले.

"मत काय देणार आहेस?" आईने विचारलं.

"तुला माहीत आहे."

"विकायचं."

"हो."

आईने कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "मी सांगितलं होतं, त्या दिवसाचं कुठे बोलायचं नाही."

"बोललेय का? सहा महिने झाले. दादा दोनदा म्हणाला, आईला हल्ली थंडी फार वाजते का. मी म्हटलं, वय झालं."

"वय झालं म्हणालीस?"

"मग काय म्हणू?"

वाळूचा पहिला ट्रक काट्यावर चढला. फळ्या करकरल्या.

"पडले तर पडले," आई म्हणाली. "सगळीच पडतात. तीन तास म्हणजे काही फार नव्हे."

"साडेचार."

"तू घड्याळ लावून बसली होतीस?"

"तूच सांगितलंस. दादाचा ट्रक दहाला निघाला, त्याला बघायला तू बाहेर आलीस आणि परत वळताना पडलीस. मी बेसिनं ठेवायला अडीचला आले. इंजिनाशेजारी होतीस. एका हाताने त्याला धरलं होतंस."

"उठायला धरलं होतं. नाही उठता आलं." आईने स्वेटरची बाही खाली ओढली. "गार होतं. बाकी काही नाही. सावली होती."

धाकटीने स्टिअरिंग घट्ट धरलं. तिला रडू येत होतं आणि काट्याच्या रांगेत रडायचं नव्हतं.

"चाळीस वर्षं राहिलेय मी तिथे," आई म्हणाली. "ट्रक निघाला की मी बाहेर येते, आला की बाहेर येते. आता दिवस दिवस कुणी येत नाही. तरी राहीन म्हणते. माझं घर आहे ते."

"माहीत आहे."

"आणि तुझी गाडी ट्रक आहे की नाही हे मी ठरवणार आहे. ते दोघे नाहीत. पावती मी चिकटवते. तुझ्या बाबांच्या वेळीही मीच चिकटवायची."

"तेही माहीत आहे."

"मग? मी नाही म्हटलं तर?"

"तर एकास एक राहील. तू तिथेच राहशील आणि मी रोज अडीचला येईन."

"रोज अडीचला तुझं माल पोचवायचं काम असतं का या बाजूला?"

"नसतं."

आई खिडकीबाहेर बघायला लागली. पुढचा ट्रक सरकला आणि धाकटीने गाडी सुरू केली. खड्डा मोठा होता. पिकअप त्यात उतरली आणि वर आली. आईचा हात कडीकडे गेलाच नाही.

"मघाशी काय उडत होती," आई म्हणाली. "आता बघ."

"मागे वजन आहे ना."

"तुझे बाबा हेच म्हणायचे. रिकामा असला की हाडं खिळखिळी करतो आणि भरला की गुमान चालतो, तो ट्रक. मोटार रिकामीसुद्धा गोड चालते. म्हणून ते इंजिन टाकून फिरवायचे. वजनासाठी नाही."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "आणि हे तू दादाला, भाऊला सांगितलं नाहीस? आजवर?"

"मला कुणी विचारलं?"

*

काटेवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. याच घरच्या दोन पिढ्यांची वजनं त्याच्या वहीत होती आणि त्याला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नसे.

"तीनशे ऐंशी," तो म्हणाला.

"चारशे दहा," थोरला ट्रकमधून उतरत म्हणाला.

"तीनशे ऐंशी."

"काटा बिघडलाय."

"काटा कालच तपासलाय. तुमचं इंजिन बिघडलं असेल."

इंजिन तर तीस वर्षं बिघडलेलंच होतं. तिघं हौद्याभोवती जमले. आई पुढच्या सीटवरून मान वळवून बघत होती.

"तीस किलो कमी," थोरला म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. वजन जमलं नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर खुर्ची नाही, खुर्ची नाही तर मत नाही. विकण्याचं मत हातातोंडाशी आलेलं.

मधलाही नेमका तेवढाच घाबरला होता, उलट्या कारणाने.

"यात घाबरण्यासारखं काही नाही," मधला म्हणाला. त्याने घसा खाकरला. "त्याचा सेल्फ स्टार्टर मी काढला होता. चार वर्षांपूर्वी. माझा जळला होता आणि दुसऱ्या दिवशी माल लावायचा होता."

"बाबांच्या इंजिनाचा सेल्फ?"

"परत लावणार होतो."

"बाबा होते तेव्हा?"

"होते. पण त्या बाजूला झोपले होते."

थोरला त्याच्यावर आवाज चढवणार होता. मग त्याने मनातल्या मनात वजनं जुळवली. "सेल्फ फार तर सोळा किलो," तो म्हणाला.

"अजून चौदा राहतात," काटेवाला म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

थोरल्याने चष्मा काढला. "डायनामो," तो म्हणाला.

"काय?"

"डायनामो मी काढला होता. बाबा गेले त्याच वर्षी. ते म्हणजे... घरी कपाटात आहे. वापरला नाही. नुसता ठेवलाय."

"वापरला नाहीस तर काढलास कशाला?"

थोरल्याने चष्मा परत घातला. बाबा गेले त्या आठवड्यात तो एकटाच शेडमध्ये गेला होता आणि काहीतरी घेऊन आल्याशिवाय त्याला बाहेर येववलं नव्हतं. पान्याने तेवढंच सुटलं होतं. वहिनी त्या कपाटातली धूळ पुसताना ते उचलून परत ठेवत असे आणि काही विचारत नसे.

"दहा किलो तरी असेल," तो म्हणाला.

"उरलेलं गळालं," आई पुढून म्हणाली. "त्यातलं तेल गळतंय कधीचं. मी पुसते ना."

काटेवाल्याने पावती फाडली आणि हात बाहेर काढला. तिघांचेही हात पुढे झाले. त्याने पावती पुढच्या खिडकीतून आईच्या हातात दिली.

*

वहिनीने ट्रकचा आवाज ऐकून खुर्चीवरचे पाय खाली घेतले. पुढे पिकअप आली, मागे थोरल्याचा ट्रक. इंजिन अजून हौद्यात होतं. आई उतरली आणि कुणाशी न बोलता आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डिंकाची बाटली होती.

भिंतीवरच्या दोन जुन्या पावत्या पिवळ्या पडून भिंतीच्याच रंगाच्या झाल्या होत्या. आई त्यांच्यापुढे उभी राहिली. तिच्या हातात पावती, बाटलीचं झाकण अजून बंद. दोन्ही मुलं तिच्या मागे, धाकटी जरा बाजूला.

थोरला म्हणाला, "आई, वजन जमलंय बरं का. हिशोब लागला सगळा."

"लाव आता," मधला म्हणाला.

आईने खिडकीतून आपल्या दोन खोल्यांकडे पाहिलं, मग दाराकडे, मग ज्या ओंडक्यांवर इंजिन असायचं त्या रिकाम्या ओंडक्यांकडे. धाकटीला वाटलं, आता नाही म्हणेल. तिला त्याचा रागही आला नसता.

आईने बाटलीचं झाकण काढलं. पावतीच्या चारी कोपऱ्यांना डिंक लावला, ती तिसऱ्या जागी ठेवली आणि तळहाताने नीट दाबली. उजवा हात वर जाताना कोपरात अडला. तिने डाव्या हाताने तो वर नेला आणि पावतीचा वरचा कोपरा दाबून पूर्ण केला. हे थोरल्याने पाहिलं.

मग आईने बाबांची खुर्ची ओढली. ती तीन वर्षं एकाच जागी होती. फरशीवर तिचे चार डाग राहिले.

"बस," ती धाकटीला म्हणाली.

दोघे भाऊ आपापल्या खुर्च्यांत बसले, मग धाकटी बसली. तिने दोन्ही हात फाळक्यावर ठेवले. तिला वाटलं होतं इथे बसल्यावर काहीतरी वाटेल, आणि वाटत होतं ते फक्त आईचं तोंड आपल्याकडे आहे एवढंच.

"बोल," आई म्हणाली.

"विकायचं."

मधल्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी रिकामा कप तोंडाला लावून उभी होती. थोरला जिंकला होता, आणि त्याचे डोळे आईच्या कोपरावरून हलत नव्हते.

"का?" मधला म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "तुझं सामान इथे आहे. आई इथे आहे. का?"

धाकटीने आईकडे पाहिलं. सहा महिने ती गप्प होती, आणखी थोडा वेळ राहायला तिची हरकत नव्हती.

"मी पडले होते," आई म्हणाली. "थंडीत. इथे, इंजिनापाशी. साडेचार तास. तुम्ही दोघे गाडीवर होतात. ही आली नसती तर तुम्ही आल्यावर बघितलं असतंत." तिने डिंकाची बाटली घट्ट बंद केली. "तिला मीच म्हटलं होतं, बोलू नकोस. म्हणून तिने हे एवढं सगळं केलं."

थोरला उठला, मग परत बसला. महिन्याभरापूर्वी त्याने आईला विचारलं होतं, स्वेटर नवीन आहे का. आता ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

मधला मान खाली घालून फाळक्यावरचा जुना रंग नखाने खरवडत होता. मग त्याने हात वर केला.

"काय?" थोरला म्हणाला.

"विकायचं. माझंही."

आई म्हणाली, "तुझी खोली जाईल."

"महिन्यातले पाच दिवस," मधला म्हणाला. "ट्रकमध्ये झोपता येतं." मग त्याने धाकटीकडे पाहिलं. "हिच्यात येत नाही, तेवढं फक्त."

वहिनीने कप गोळा करायला घेतले. बैठक संपली होती. अजून जेवणाची वेळही झाली नव्हती.

थोरल्याला तेव्हा चेनकप्पी आठवली. "इंजिन उतरवून घेऊ या," तो म्हणाला.

"उतरवून ठेवणार कुठे?" आई म्हणाली. "राहू दे तिथेच."

सोमवारी धाकटीने हौद्यात इंजिनाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन कमोड बांधले आणि माल पोचवायला निघाली. आई पुढे बसली होती, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. एका बांधकामावर गवंड्याने विचारलं, हे इंजिन कुणाचं उतरवायचंय, आणि धाकटी म्हणाली, कुणाचं नाही, ते आमचं आहे. रस्ता तोच होता आणि खड्डेही तेच. गाडी गुमान चालली.